आज्जीशी नीट वागायचं

शिवांजलीने आज्जीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा केला आणि मनगटाजवळच्या पांढऱ्या डागावर अलगद पापा दिला.

उमादेवी ओसरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. भज्जीच्या मिश्र भाजीसाठी हिरवे दाणे लागणार म्हणून डहाळ्याच्या पेंढ्या सकाळीच शेतातून आल्या होत्या. सोलून सोलून त्यांच्या बोटांना आंब चढली होती, खारट, जिभेला चरचरणारी. आता पोरगी तोंड वाकडं करील, शी म्हणेल, फ्रॉकला ओठ पुसेल, असं त्यांना वाटलं. त्या वाटच बघत राहिल्या. पण शिवांजलीने ओठ पुसले नाहीत. ओळख नसलेल्या पाहुण्यांकडे बघून हसावं तशी ती मान तिरकी करून हसली आणि म्हणाली,

"आज्जी, तुझे हात किती छान आहेत."

"हात व्हय? त्येला काय झालंय छान व्हायला? त्वांड धू जा. आंब लागली आसंल."

"नाही लागली," शिवांजली म्हणाली. डोळे मात्र आंबटाने बारीक झाले होते.

उमादेवींनी पुढचा घाटा उचलला. तो किडका निघाला. त्यांनी तो बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.

तीन वर्षांपूर्वीची शिवांजली अशी नव्हती. तेव्हा ती पुण्याहून यायची ती गाडीतून उतरल्या उतरल्या भांडायला लागायची. दुधावरची साय मलाच पाहिजे. आज्जीच्या पलीकडच्या कुशीला मीच झोपणार, तिथे कुणी उशीसुद्धा ठेवायची नाही. एकदा उमादेवींनी तिचे केस विंचरताना जरा ओढले, तर पोरीने मागे वळून दंडाला कडकडून चावा घेतला होता. दातांची खूण दोन दिवस राहिली. शेजारणीला ती खूण दाखवताना उमादेवींच्या आवाजात तक्रार होती आणि तोंडावर तक्रारीचा मागमूसही नव्हता.

त्यानंतर उमादेवींचे यजमान महालिंगप्पा गेले. वर्षश्राद्धाच्या सुमारास उमादेवींच्या ओठाच्या कडेला तांदळाएवढा पांढरा ठिपका आला. मग तो पसरला. मग बोटांची टोकं, मग डोळ्यांभोवती, मग गळ्याखाली. कपाळावरचा डाग विभूतीच्या पट्ट्यांखाली झाकून जायचा, बाकीचे कशाखाली जाणार? उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे, यानं काही दुखत नाही, कुणाला लागत नाही, जेवणखाण सगळं एकत्र चालतं. गावात, मुरूममध्ये, ज्याला त्याला हे सांगितलं गेलं आणि ज्याने त्याने मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर मात्र माणसं थोडी थोडी लांब सरकली. हळदीकुंकवाला तर त्या आता जातच नव्हत्या. पण भजनाला गेलं तर शेजारी बसलेली बाई मधे पिशवी ठेवायची. कुणाकडे गेलं तर चहा यायचा तो कागदी पेल्यात, आणि घरातल्या बाकीच्यांनाही मुद्दाम कागदीच पेले दिले जायचे, वाईट वाटू नये म्हणून. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शिवांजलीने आज्जीचं नवं तोंड पहिल्यांदा फोनवर पाहिलं. "आज्जीच्या तोंडाला काय लागलंय?" एवढंच ती म्हणाली होती. पलीकडे कुणीतरी घाईने फोन फिरवला, आणि उमादेवींना थोडा वेळ पुण्याच्या घरातली फरशी दिसत राहिली. त्या दिवसापासून फोन आला की त्या तो मांडीवर आडवा ठेवून बोलायच्या. पलीकडून नातीला वरचा पंखा दिसायचा. सव्वा वर्षभर शिवांजली त्या पंख्याशीच बोलत होती. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं. पंखा हं हं म्हणायचा.

यंदा उमाशंकर, त्यांचा मुलगा, बायको-मुलीला घेऊन येळवशीला येतो म्हणाला, तेव्हा उमादेवींनी चार दिवस आधीच साय साठवायला सुरुवात केली होती. वाटी भरली होती. सकाळी ती पुढे केली तर शिवांजली म्हणाली,

"आज्जी, आधी तू घे. मी नंतर घेईन."

संध्याकाळी घाटे सोलून झाले. शिवांजलीने आपल्या पाठपिशवीतून एक मोठं गुळगुळीत पुस्तक काढलं आणि ती आज्जीला गोष्ट वाचून दाखवायला बसली. एका रानात एक झाड असतं. सगळ्या झाडांची पानं हिरवी, याची पांढरी. त्यामुळे त्याच्यावर एकही पाखरू बसत नाही. पाखरं म्हणतात, हे आजारी आहे, याच्यावर बसलं तर आपणही पांढरे होऊ. झाड रोज एकटं उभं राहतं. मग एके दिवशी एक छोटी चिमणी येते आणि म्हणते, पांढरी पानंही पानंच असतात. ती बसते. तिला काही होत नाही. मग सगळी पाखरं येतात, आणि झाडाला कळतं की आपणही सुंदर आहोत.

शिवांजली स्पष्ट वाचत होती, जोडाक्षरं न अडखळता. शेवटच्या चित्रात झाडाला डोळे आणि तोंड होतं आणि ते हसत होतं.

"बसली एकदाची पाखरं," उमादेवी म्हणाल्या. "मग पुढं?"

"पुढं नाही. संपली."

"झाडानं काय म्हणलं त्या चिमणीला?"

"थँक्यू म्हणालं," शिवांजलीने पान उलटून दाखवलं. "हे बघ."

दीपमाला, त्यांची सून, तेवढ्यात हात पुसत बाहेर आली. ती लातूरची, शिकलेली, मनाने सरळ. सासू आजारी पडली तेव्हा रजा काढून येऊन राहिलेली. पुस्तक बघून तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी उमटलं. तिने हळू आवाजात सांगितलं की गेले दोन आठवडे ती शिवांजलीला ही गोष्ट रोज वाचून दाखवते आहे. वर्गाच्या बाईंनीच सुचवली. मुलं घाबरतात ती माहिती नसते म्हणून, आधीच समजावून सांगितलं की मग ती किती छान वागतात.

"तुम्ही काळजी करू नका आई," ती म्हणाली. "ती काही वेडंवाकडं बोलणार नाही. मी नीट सांगितलंय तिला."

"काय सांगितलंय?"

उत्तर शिवांजलीने दिलं. "आज्जीशी नीट वागायचं."

उमादेवींनी सोललेल्या दाण्यांचं सूप उचललं, फोलपटं पाखडायची राहिली होती ती पाखडली. पाखडून झाल्यावरही त्या सूप हलवत राहिल्या.

आंबिलीची गोष्ट दीपमालाला त्याच संध्याकाळी कळली. येळवशीची आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आणि लसूण घालून दोन दिवस आंबवलेली, ही या घरात थोरल्या सुनेने करायची. उमादेवी लग्न होऊन आल्या तेव्हाच त्यांच्या सासूबाईंनी बिंदगी त्यांच्या हाती दिली होती. ती पितळी, अरुंद गळ्याची घागर. ती डोक्यावर घेऊन शेतात जाण्याचा मानही त्यांचाच. यंदा धाकटी जाऊ शरणम्मा अमावस्येच्या तीन दिवस आधी आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "अक्का, तुमी लई दमता आताशा. यंदा आंबील मी लावते. उंड्याचं बी बघते. तुमी आपल्या निस्त्या भाज्या निवडून ठिवा." उमादेवींनी आत जाऊन बिंदगी आणून दिली. चिंच लावून घासून ठेवलेली होती. निवडलेली भाजी धुतली जाते आणि मग रटरटा शिजते, हे दोघींनाही माहीत होतं.

हे ऐकून दीपमालाचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, आंबील गेली तर गेली, उंडे तुम्हीच करायचे. बाजरीचे उंडे हातानेच वळावे लागतात ना? मग बघूच कोण खात नाही ते. उमादेवी नको नको म्हणाल्या. उमाशंकर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, तो म्हणाला, "अव्वा, कर की. तुझ्या हातचे उंडे खायलाच आलोय मी." तो खरंच त्यासाठी आला असावा, पण त्यानेही वर पाहिलं नाही. मग उमादेवी उठल्या आणि पीठ भिजवायला बसल्या.

येळवशीच्या दिवशी मुरूमच्या बाजारात कुत्रंही भेटत नाही. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळा गाव उठून रानात गेलेला. ज्याला शेत नाही त्याला दहाजण बोलावतात, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. उमादेवींच्या दिराचं, गुरुसिद्धप्पांचं शेत गावापासून फार लांब नव्हतं. ज्वारी कणसांत आली होती. करडईला पिवळी फुलं होती. मधल्या बांधावर बोरीच्या झाडाजवळ कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधली होती, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते आणि कोपीवर शरणम्माची नवी शाल पांघरली होती.

शरणम्मा बिंदगी डोक्यावर घेऊन बांधावरून पुढे चालली. उमादेवी मागून भाज्यांची रिकामी पाटी घेऊन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शेतात जाताना मान हलवता येत होती. इकडे तिकडे बघता येत होतं. त्यांनी पायाखालीच पाहिलं.

पूजा झाली. गुरुसिद्धप्पांनी पिकात आंबील शिंपडली, 'ओलगे ओलगे' असा येळवशीचा पुकारा करत शेताला फेरी घातली, पोरं मागून ओरडत पळाली. मग पंगत बसली. दीपमालाने स्वतः उंड्यांची टोपली उचलली आणि प्रत्येकाच्या पानात वाढत गेली. वाढताना प्रत्येकाला सांगत गेली, "आईंनी केलेत." आवाज गोड होता. कुणाचीही सुटका नव्हती. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "व्हय व्हय, वैनीच्या हातचे म्हणल्यावर." शरणम्माने एक घेतला. तिच्या माहेरच्या माणसांनी एकेक घेतला. उमाशंकरने तीन घेतले आणि मान खाली घालून तिन्ही संपवले. पंगतभर माणसं उंडा मोडून तोंडात घालताना उमादेवींकडे बघत होती, आपण खातो आहोत हे त्यांना दिसावं म्हणून. आणि उमादेवींना प्रत्येकाकडे बघून मान हलवावी लागत होती. एवढ्या माणसांनी घास घेताना आपल्याकडे पाहिलेलं त्यांना कधी आठवत नव्हतं. माणूस जेवताना ताटाकडे बघतो.

पंगत उठल्यावर पत्रावळी बैलांपुढे टाकायला त्याच गेल्या. पुष्कळशा पत्रावळींत भज्जीच्या लगद्याखाली उंड्याचा अर्धा तुकडा नीट दडवून ठेवलेला होता. त्यांनी बघितलं आणि बैलाची मान खाजवली.

बोरीच्या पलीकडे लिंबाला झोका बांधला होता. शरणम्माची नातवंडं, शेजारच्या शेतातली पोरं, सगळी तिथे जमली होती. उमादेवी हात धुवून येत होत्या तेव्हा शिवांजलीचा स्पष्ट, शाळेत बोलावा तसा आवाज त्यांच्या कानावर आला.

"आमच्या आज्जीला कुणी हसायचं नाही. ती वेगळी आहे म्हणून सुंदर आहे."

कुणीच हसत नव्हतं. पोरांना झोका पाहिजे होता. पण आता सगळ्यांनी माना वळवल्या आणि उमादेवींकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, काय वेगळं आहे ते शोधत. एक बारकी पोरगी जवळ येऊन हातांकडे बघून गेली. उमादेवींनी पदर पुढे ओढला. ऊन तोंडावर येत होतं असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुपार कलली. पुरुष माणसं कोपीच्या सावलीत आडवी झाली. दीपमाला आणि शरणम्मा भांडी घासत गप्पा मारू लागल्या. पोरांचा घोळका पतंग घेऊन वरच्या रानात गेला. शिवांजली मात्र गेली नाही. ती आली आणि बोरीखाली आज्जीच्या शेजारी मांडी घालून बसली.

"तू न्हाय गेलीस व्हय पतंगाला?"

"तू एकटी आहेस ना," शिवांजली म्हणाली. मग वरच्या रानाकडे बघितलं. लाल पतंग वर चढत होता. तिने मान परत वळवली.

उमादेवींनी एक काटकी उचलली आणि भुसभुशीत मातीत चौकटी आखायला लागल्या. पाच आडव्या, पाच उभ्या. मधल्या घरावर आणि चार बाजूंच्या मधल्या घरांवर फुल्या मारल्या.

"चल्लस येतंय का तुला?"

येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. सोबतच्या चिंचेतले चिंचोके फोडून त्यांची दोन-दोन फाकं केली, चार फाकं हातात खुळखुळवून टाकायची, जेवढी पांढरी पडतील तेवढी घरं पुढे जायचं. सगळ्या सोंगट्या आधी मधल्या घरात नेईल तो जिंकला. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही. बाकी कुठेही गाठलं की मारायचं, आणि मेलेल्या सोंगटीने पहिल्यापासून निघायचं. शिवांजलीने करडईची फुलं घेतली, उमादेवींनी खडे घेतले. पोरगी हुशार. दोन फेऱ्यांत तिला सगळं कळलं.

तिसऱ्या फेरीत तिला तीन पडले. तिच्या फुलापासून मोजून तिसऱ्या घरात आज्जीचा खडा होता, उघड्यावर. शिवांजलीने फूल उचललं. घरं मोजली. मग ते फूल परत जागेवर ठेवलं आणि मागचं दुसरंच फूल तीन घरं सरकवलं.

"मारायचं हुतं की मला," उमादेवी म्हणाल्या.

"असू दे आज्जी."

"आगं, डाव हाय ह्यो. मारायचंच आसतंय."

"तू खेळ ना," शिवांजली समजुतीने म्हणाली. "मला जिंकायचं नाहीये."

उमादेवींनी चिंचोके उचलले. हाताचा पंजा, अर्धा सावळा अर्धा पांढरा, चिंचोक्यांवर मिटला. हा आवाज त्यांना ओळखीचा होता. भजनाच्या बाईने पिशवी मधे ठेवताना असाच म्हटला होता, बसा की, ऐसपैस बसा.

त्यांनी चिंचोके टाकले. दोन पडले. त्यांनी खडा तीन घरं पुढे नेला.

शिवांजलीने पाहिलं. तिची नजर खड्यावर गेली, चिंचोक्यांवर गेली, मग भांड्यांजवळ बसलेल्या आईकडे गेली.

पुढच्या खेपेला एक पडला, उमादेवी चार घरं चालल्या. त्यांनी मोजताना मोठ्याने मोजलंसुद्धा, एक, दोन, तीन, चार, गळा साफ करून. शिवांजलीने खालचा ओठ दातांत धरला. फ्रॉकचं टोक मुठीत घेतलं. होता होता तिची तीन फुलं मधल्या घरात पोचली. चौथं एकच घर लांब होतं, आणि जिंकायचं नाही म्हणाली होती तरी आता ती चिंचोके टाकण्याआधी त्यांच्यावर फुंकर मारत होती.

उमादेवींना दोन पडले. त्यांनी खडा उचलला, घरं न मोजताच उडवला आणि नेमका त्या चौथ्या फुलावर आणून ठेवला. मग फूल उचलून पटाच्या बाहेर टाकलं.

"मेलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासनं नीघ."

शिवांजली त्या फुलाकडे बघत राहिली. उमादेवींचंही लक्ष पटावर नव्हतं. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ही पोर आताही असू दे म्हणाली तर, त्यांना वाटलं, मग संपलं. मग ती दर सुट्टीला येईल, पापा घेईल, साय आधी मला देईल, आणि मी मरेपर्यंत माझ्याशी नीट वागत राहील.

"तू खोटं खेळतेस," शिवांजली म्हणाली.

आवाज बारीक होता. उमादेवी म्हणाल्या, "कोण? म्या? न्हाय बा."

"खेळतेस. मघाशी दोन पडले आणि तू तीन गेलीस. मग एक पडला आणि चार गेलीस. मी बघितलं सगळं." आवाज चढत गेला. "आणि आता तर मोजलंच नाहीस. मी तुला मारलं नव्हतं, तरी तू मला मारलंस. तू खोटारडी आहेस. मला तुझ्याशी खेळायचंच नाही. तू अजिबात छान नाहीस."

शेवटचं वाक्य कोपीपर्यंत ऐकू गेलं. तिने दोन्ही हातांनी पट पुसून टाकला, माती उडवली, खडे भिरकावले. त्यातला एक उमादेवींच्या गुडघ्याला लागला. भांडी वाजायची थांबली. गुरुसिद्धप्पा अर्धे उठून बसले. दीपमाला ओल्या हातांनीच धावत आली, तिचा चेहरा उतरला होता.

"शिवा, हे काय बोललीस तू आज्जीला? आपण काय शिकलो होतो? सॉरी म्हण आधी."

"नाही म्हणणार."

"सॉरी म्हण म्हणते ना."

"ती चीटिंग करते."

"म्हणू नकोस," उमादेवी म्हणाल्या.

"आई, तुम्ही तिला पाठीशी घालू नका. एवढं समजावलंय मी तिला, अशा माणसांशी..." दीपमाला थांबली. तिचे कान लाल झाले. तिने पदराने हात पुसले, ते पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

उमादेवींनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना सुनेची दया आली. तिने मनापासूनच केलं होतं सगळं.

"दीपा," त्या म्हणाल्या, "खोटं खेळले म्या. धडधडीत खोटं. तिनं बरुबर धरलं. तू जा, भांडी घास."

कोपीजवळून शरणम्माचा आवाज आला. तिने राखेचा हात कपाळाला लावला होता आणि ती हसत होती, तोंड लपवून नव्हे, पोट धरून.

"अगं दीपमाला, तुला काय ठावं ह्यांचं. माझं लगीन झाल्या झाल्या ह्याच अक्कांनी माझ्या सोंगट्या अशाच गिळल्यात. म्या रडले तर उलट मलाच म्हणाल्या, तुला मोजाया येत न्हाय. लई रडी खेळणारी बाई हाय ही."

"तुला मोजाया येतच नव्हतं," उमादेवी म्हणाल्या.

"बघा, बघा," शरणम्मा म्हणाली, आणि राखेने माखलेला हात हवेत हलवून परत भांड्यांकडे वळली.

दीपमाला थोडा वेळ तिथेच उभी राहिली. काय चुकलं ते तिला कळत नव्हतं, आणि काहीतरी बरं झालं आहे तेही. मग ती गेली.

शिवांजलीने पाठ फिरवली होती. बोरीच्या खोडाला खांदा टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ती बसली होती, मानेच्या मागे दोन वेण्या ताठ. उमादेवींनीही पाठ फिरवली. दोघी पाठीला पाठ करून, मधे वीतभर जागा सोडून बसल्या. वरच्या रानात पतंग कटला, पोरांचा गिल्ला झाला. ज्वारीतून वारा आला तशी बोरीवरची दोन-चार पिकली बोरं टपटप खाली पडली.

एक शिवांजलीच्या पायाशी पडलं. तिने ते उचललं, फ्रॉकला पुसलं आणि तोंडात टाकलं. मग सरकत सरकत दुसरं उचलायला गेली. तिसरं आज्जीच्या बाजूला होतं. ते घेताना तिला वळावं लागलं, पण तिने आज्जीकडे बघितलं नाही. कट्टी होती. गाल फुगला होता, आत बोराची बी या गालातून त्या गालात फिरत होती. थुंकायला जागा शोधत तिने इकडे तिकडे पाहिलं.

उमादेवी वळल्या आणि त्यांचा हात आपसूक पुढे झाला, ती तीन वर्षांची होती तेव्हा व्हायचा तसा. हनुवटीखाली, वाटीसारखा.

शिवांजलीने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकली, आणि बी त्यात थुंकली. मग पुढचं बोर तोंडात घातलं.

बी ओलसर होती, कोमट, तिला गराचा एक धागा राहिला होता. उमादेवींनी हात तसाच धरून ठेवला.